रॉबिन विल्यम्सच्या मेंदूत काय सापडलं?

‘दारू, ड्रग्ज आणि नैराश्याने रॉबिन विल्यम्सचा बळी घेतला.’ ११ ऑगस्ट २०१४ रोजी या अमेरिकी अभिनेत्याने आत्महत्या केली, तेव्हापासून हे वाक्य फिरतंय. त्याची जुनी व्यसनं जगजाहीर होती, म्हणून ते लोकांना चटकन पटलंही.

नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेला शवविच्छेदनाचा अहवाल मात्र कोणी फारसा वाचलेला दिसत नाही. शरीरात दारू नव्हती, बेकायदा अमली पदार्थ नव्हते. डॉक्टरांनी दिलेली औषधं होती, तीही ठरल्या प्रमाणात. आणि मेंदूत जवळजवळ सगळीकडे लेवी बॉडीज पसरल्या होत्या. अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या या सूक्ष्म गुठळ्या चेतापेशींच्या आत साचतात (१९१२ मध्ये फ्रिडरिश लेवी यांनी त्या टिपल्या, म्हणून हे नाव). मेंदूच्या बुंध्यापुरत्या असल्या तर हालचाली मंदावतात, हात थरथरतो. वरच्या आवरणात आणि भीती हाताळणाऱ्या भागात शिरल्या की भास, संशय, घबराट, विस्मरण असं काहीही सुरू होतं, आणि तेही आज कमी, उद्या जास्त.

मे २०१४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं होतं. ते चुकीचं नव्हे, अपुरं होतं; पार्किन्सन आणि मेंदूत सापडलेला लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) हे दोन्ही आजार एकाच कुळातले. नैराश्यही होतं, पण पत्नी सुझन यांच्या मते ते ढीगभर लक्षणांपैकी एक. आजाराचं खरं नाव त्यांना कळलं ते नवरा गेल्यावर. पक्कं निदान अजूनही मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं.