क्रीम न घालता क्रीमी सॉस, आणि दही का फुटतं

ग्रिल्ड चिकन किंवा मटण चॉप्सवर पांढरा दाट सॉस कुणाला नको असतो, पण त्यासाठी एक वाटी म्हणजे साधारण 200 ग्रॅम फ्रेश क्रीम ओतलं तर 25 टक्क्यांच्या हिशोबाने 50 ग्रॅम फॅट पोटात जातं. तेवढंच स्किम्ड दुधाचं दही घेतलं तर जेमतेम 1 ग्रॅम! अडचण एकच, दही तापवलं की फुटतं. पण ते का फुटतं हे कळलं की टाळणं अजिबात अवघड नाही.

दुधातलं जवळपास 80 टक्के प्रोटीन म्हणजे केसिन. दुधात त्याचे अतिसूक्ष्म गोळे सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांना लांब ठेवतात, म्हणून ताजं दूध खळखळ उकळलं तरी नासत नाही. दही लागताना लॅक्टिक ॲसिड तयार होतं, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या आसपास येतो आणि तिथे हा भार जवळजवळ संपतो, मग गोळे एकमेकांना चिकटून जाळी बनते आणि पाणी त्या जाळीत अडकतं. आता ही जाळी गॅसवर ठेवली की आकसते, प्रोटीनचे दाणे होतात आणि पाणी बाहेर पडतं.

कढीला आपण बेसन लावतो ते यासाठीच. बेसन, कॉर्नफ्लोर यांतल्या स्टार्चचे कण गरम झाले की पाणी शोषून फुगतात, कॉर्नफ्लोरचे साधारण 62 ते 72 डिग्रीला, त्यामुळे सॉस दाट होतो आणि केसिनला एकत्र येऊन गुठळ्या करायला वावच राहत नाही. काश्मिरी यखनीत मटणासाठी दही उकळतात तेव्हा पहिली उकळी येईपर्यंत सतत ढवळतात, कारण तळाशी एखादी जागा जास्त तापली की फुटायला तिथूनच सुरुवात होते. एकाच दिशेने ढवळा असं सांगतात, पण माझ्या मते दिशा कुठलीही चालेल, हात थांबायला नको.

तर चिकन काढल्यावर पॅनला जी तपकिरी खरवड चिकटते ती अजिबात धुवून टाकू नका, मेलार्ड रिॲक्शनची, म्हणजे तापल्यावर प्रोटीन आणि साखर यांच्यातून तयार होणारी, सगळी चव त्यातच असते. अर्धी वाटी पाणी घालून ती सोडवून घ्या आणि गॅस बारीक करा. एक वाटी गार दह्यात एक चमचा कॉर्नफ्लोर गुठळी न राहता फेटून (गरम दह्यात टाकलं तर गोळे होणारच) ते पॅनमध्ये ओता आणि हलकी उकळी येईपर्यंत ढवळत राहा. लसूण, मिरी आणि जिरं मात्र चमचाभर तेलात परतून घाला, कारण मसाल्यांचा बराचसा सुगंध तेलातच विरघळतो आणि फॅट अगदीच नसेल तर सॉस दाट होऊनही सपक लागतो.

लागेल तेवढाच करा. फ्रिजमध्ये ठेवला तर स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि सॉस पाणी सोडतो. आणि चाखलेला चमचा परत भांड्यात घालू नका, लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडतं आणि सॉस पातळ होतो.