कॉम्प्युटरच्या भंगारातून सोनं: परवानगीचा अर्ज सांगली-साताऱ्यात कुठे अडतो

आधी स्पष्ट सांगायला हवं: कॉम्प्युटरच्या बोर्डांतून सोनं काढायची परवानगी 'छंद' म्हणून मिळत नाही. अर्जात तसा रकानाच नाही. रॅमच्या सोनेरी पट्ट्या किंवा प्रोसेसरच्या पिना आम्लात टाकल्या की कायद्याच्या लेखी तुम्ही रिसायकलर झालात, मग काम परसात बादलीभर असो नाहीतर शेडमध्ये टनावारी.

विटा, आटपाडी भागात गलाईचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यामुळे सोनं गाळता येतं, तेजाब हाताळता येतं, मग परवाना कितीसा अवघड, असं अनेकांना वाटतं. पण दागिन्यांच्या मोडीत सोन्याबरोबर मुख्यतः तांबं आणि चांदी असते. बोर्डात शिसं, कथील, निकेल, काचतंतू आणि ब्रोमिनयुक्त राळही येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाला तुमच्या कसबाशी देणंघेणं नाही. उरलेलं पाणी आणि गाळ जाणार कुठे, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारतं.

क्रम असा: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आधी स्थापनेची संमती. यंत्रं बसल्यावर चालवण्याची संमती आणि सोबत घातक कचऱ्याचं प्राधिकारपत्र, त्याचा नमुना 1. शेवटी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर रिसायकलर म्हणून नोंदणी. सांगली जिल्ह्याचं उपप्रादेशिक कार्यालय विश्रामबागला उद्योग भवनात आहे आणि ते कोल्हापूर विभागात येतं. सातारा जिल्हा मात्र पुणे विभागात. कराडकरांना कोल्हापूर जवळचं वाटतं, पण त्यांचा अर्ज सातारा कार्यालयाकडेच जातो.

2016 च्या नियमांवर बेतलेले जुने नमुने झेरॉक्सच्या दुकानांतून अजून फिरतात. ते वापरू नका. 1 एप्रिल 2023 पासून 2022 चे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यात मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर आणि रिसायकलर अशा चारच नोंदण्या आहेत. 'डिसमँटलर' (नुसते सुटे भाग करणारा) म्हणून वेगळी नोंदणी आता नाही.

पहिली खरी अडचण जागेची. घराच्या पत्त्यावरचा अर्ज पुढे सरकत नाही. शेतजमिनीवर शेड असेल तर सातबारा आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरत नाही, जमिनीचा औद्योगिक वापर कायदेशीर असल्याचा महसूल खात्याचा कागदही लागतो. मग माणसं कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत ओळखीच्याचा गाळा भाड्याने घेतात आणि नोटरी केलेला करार जोडतात. गाळा मूळ भूखंडधारकाच्या नावावर असतो, त्यामुळे पोटभाड्याला एमआयडीसीची लेखी परवानगी हवी. हा कागद बहुतेकांकडे नसतोच. गाळ्याची अनामत देण्याआधी मालकाकडे तो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर गाळा सोडून द्या.

दुसरी अडचण आकड्यांची, आणि सर्वांत जास्त त्रुटिपत्रं (अर्जातल्या उणिवा कळवणारी मंडळाची पत्रं) इथेच निघतात. अर्जात कच्चा माल, रसायनं, सांडपाणी आणि गाळ यांचा ताळा जुळावा लागतो. 100 किलो मिश्र बोर्ड धरा. त्यात तांबं साधारण 15 ते 20 किलो, सोनं 10 ते 25 ग्रॅमच्या आसपास. एक किलो तांबं विरघळवायला 68 टक्क्यांचं नायट्रिक सुमारे 4 लिटर लागतं, आणि त्यातून दीड किलोच्या घरात तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. म्हणजे बोर्ड तसेच आम्लात टाकायचे म्हटलं तर 60 ते 80 लिटर आम्ल नुसतं तांबंच खाणार. अशा अर्जात 'नायट्रिक, महिना 5 लिटर' आणि 'वायू: काही नाही' असं लिहिलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं, हे आकडे अंदाजपंचे आहेत. सोन्याच्या पट्ट्या आधी कापून वेगळ्या काढणार असाल तर तसं लिहा, कापल्यानंतरचं वजन द्या आणि उरलेले बोर्ड कोणाला देणार तेही सांगा. धुराड्यावर स्क्रबर, म्हणजे धूर धुऊन काढणारं यंत्र, दाखवा. चुन्याने उदासीन केलं की पाणी निवळशंख दिसतं, पण धातू खालच्या गाळात उतरलेले असतात. तो गाळ घातक कचराच, उकिरड्यावर टाकायची सोय नाही.

म्हणूनच तिसरी अडचण येते: सामायिक घातक कचरा केंद्राचं, म्हणजे अनेक कारखान्यांच्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राचं, सदस्यत्व. आपल्याला सोयीचं केंद्र पुण्याजवळ रांजणगावला आहे. हे अर्जाआधी घ्या. 'नंतर घेऊ' असं हमीपत्र देणाऱ्यांचे अर्ज पडून राहतात.

संमतीचं शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्याला सीएचा दाखला लागतो. घसारा वजा करून आकडा देऊ नका.

लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग अशी नोंद असली की काहीच लागत नाही, हा समज महागात पडतो. सूक्ष्म उद्योगांना सूट आहे ती ई-कचरा नियमांतून. 1974 चा जल कायदा, 1981 चा हवा कायदा आणि 2016 चे घातक कचरा नियम त्याने सुटत नाहीत. शिवाय वर्षाला हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या मोठ्या संस्थांना आपला ई-कचरा नोंदणीकृतांनाच द्यावा लागतो. त्यामुळे सूट घेतलीत तर चांगला माल तुमच्याकडे येणारच नाही.

चार महिन्यांची मुदतही लोक चुकीची वाचतात. जल कायद्याच्या कलम 25(7) नुसार चार महिन्यांत उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं मानलं जातं, हे खरं. पण ते चार महिने सर्व बाबतींत पूर्ण अर्जापासून मोजतात, चलन भरल्या दिवसापासून नव्हे. हवा कायद्यात तर अशी मानीव संमतीच नाही. त्या भरवशावर भट्टी पेटवू नका. त्रुटिपत्राला दोन-दोन महिने लावणारं कार्यालय असेल तर लेखी स्मरणपत्र द्या आणि पोच घ्या. एवढा हक्क तुमचा आहेच.

आम्ल घेताना दुकानदार फोटोसहित ओळखपत्र, पत्ता आणि कारण नोंदवून घेतो. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते बंधनकारक आहे.

घरचे दोन-चार जुने सीपीयू एवढाच माल असेल तर या फंदात पडू नका. ते नोंदणीकृत रिसायकलरला द्या. परसात किंवा न्हाणीघरात नायट्रिकचा प्रयोग तर मुळीच नको. त्या धुराने लागलीच खोकला येऊन थांबतो आणि फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरतं, तोवर माणूस निर्धास्त झोपलेला असतो.

अर्ज नाकारला गेला तर जल कायद्याच्या कलम 28 खाली अपिलाला 30 दिवस असतात. ते आदेश तुम्हाला कळवल्यापासून मोजतात, म्हणून पोर्टलवरचा ईमेल पत्ता एजंटाचा नको, तुमचा स्वतःचा टाका.