‘दहा टक्के’ आले कुठून?

केसपेपरवर लाल शाईने ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असं एकदा लिहिलं गेलं की ते पुसायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. मग सेफॅलोस्पोरिन हे पेनिसिलिनशी नातं असलेलं प्रतिजैविकही नको म्हणतात, कारण ‘दहा टक्के रुग्णांना त्याचीही रिॲक्शन येते’ हे वाक्य डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलंय. या आकड्याचं मूळ मात्र गटाराच्या तोंडाशी सापडतं.

1945 मध्ये सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी समुद्रात सांडपाणी सोडतात तिथूनच एक बुरशी मिळवली. तिच्यात जंतू मारण्याची ताकद होती. पुढे ती ऑक्सफर्डला गेली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांना तिच्यात सेफॅलोस्पोरिन सी सापडलं, पण त्याआधी हाती लागलं होतं ते पेनिसिलिनच! एकच बुरशी दोन्ही बनवत होती. साहजिकच 1960च्या दशकात बाजारात आलेल्या सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचे अंश राहून जात. त्यात ‘मला ॲलर्जी आहे’ हे रुग्णाचं म्हणणं तपासून न पाहताच धरलेलं. दहा टक्के आले ते असे.

दोन्ही औषधांच्या रेणूत बीटा-लॅक्टम ही अणूंची कडी सारखी, म्हणून सगळा संशय तिच्यावर. प्रत्यक्षात शरीर बरेचदा ओळखतं ते कडीला लटकलेली बाजूची साखळी. पेनिसिलिन गटातलं ॲम्पिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातलं सेफॅलेक्सिन यांची साखळी सारखी, तशीच अमॉक्सिसिलिन आणि सेफाड्रॉक्सिलची. तिथे जपायलाच हवं. शस्त्रक्रियेआधी देतात त्या सेफाझोलिन या सेफॅलोस्पोरिनची साखळी मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळी. आज सेफॅलोस्पोरिनचा एकूण धोका दोन टक्क्यांच्या आसपास धरतात, कार्बापेनेम या त्याच कडीच्या आणखी एका औषधगटाचा एक टक्क्याहून कमी.

मुळात शिक्काच किती खरा? अमेरिकेत दहातल्या एकाच्या नोंदीत तो असतो. तपासणी केली तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन चालतं. लहानपणी विषाणूमुळे उठलेलं पुरळ औषधाच्या माथी मारलेलं असतं. खरी ॲलर्जीही दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. तोवर व्हॅन्कोमायसिन, क्लिंडामायसिन या पर्यायी प्रतिजैविकांवर भागवायचं आणि औषधांना न जुमानणारा एमआरएसए, जुलाब घडवणारा सी. डिफिसिल या जंतूंना वाट मोकळी करून द्यायची, हा सौदा मला तरी महागच वाटतो.

2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ‘पेन-फास्ट’ ही गुणपद्धत मांडली. रिॲक्शन पाच वर्षांच्या आतली का? अंगावर सूज, ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) किंवा त्वचेचा गंभीर विकार झाला होता का? उपचार लागले होते का? तीनपेक्षा कमी गुण म्हणजे धोका कमी. अशा 377 जणांच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना त्वचा-चाचणी न करता थेट देखरेखीखाली तोंडाने पेनिसिलिन दिलं, उरलेल्यांची आधी त्वचा-चाचणी केली. दोन्ही गटांत रिॲक्शन आली ती एकेकालाच. स्टीव्हन्स-जॉन्सनसारखा त्वचा सोलवटून काढणारा गंभीर विकार ज्यांना होऊन गेलाय, त्यांच्यावर मात्र हा प्रयोग करत नाहीत.