रुईवरचा टोळ आणि ऑस्ट्रेलियाचा सरडा

पोळा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. शेजारचा आठवीतला मुलगा संध्याकाळी हातात बरणी घेऊन दारात आला. जळगावच्या मेहरूण तलावाकडून फिरून आला होता. बरणीत एक टोळ होता. अंगभर पिवळे नि निळे पट्टे, हिरव्या पंखांवर पिवळे ठिपके, कुणी तासभर बसून रंगवावा असा. "काका, हा देऊ का त्याले?"

"त्याले" म्हणजे त्याच्या बेअर्डेड ड्रॅगनला. मामानं वाढदिवसाला आणून दिलेला हा दाढीवाला सरडा गेलं वर्षभर त्यांच्या घरात काचेच्या पेटीत राहतो.

मी विचारलं, कुठं सापडला? म्हणाला, "रुईवर. तिथं लई आहेत."

मी बरणी त्याच्या हातातून काढून घेतली. का घेतली, ते त्याला तेव्हा पाच मिनिटांत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो आहे. जळगाव, धुळे, भुसावळसारख्या गावांतही हा प्राणी आता घरांत दिसू लागला आहे आणि त्याला काय खायला घालावं याबद्दल एक समज सगळीकडे पक्का बसलेला आहे. विकतचे किडे महाग, कुरिअरनं येतात, निम्मे वाटेत मरतात. शेतात मात्र फुकट नि ताजे मिळतात. शिवाय "नॅचरल". रानात सरडा हेच खातो की!

रानात खातो हे खरं आहे. पण कुठल्या रानात?

बेअर्डेड ड्रॅगनचं शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. मूळचा मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. आपल्या बांधावरच्या कुंपणावर मान खालीवर करत बसणारा सरडा आणि हा, दोघं एकाच ॲगॅमिडी कुळातले. मान हलवायची लकबसुद्धा तीच. पण एका कुळातले असले तरी दोघांच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षं वेगवेगळे किडे खाल्ले आहेत. आपला सरडा ज्या किड्यांच्या शेजारी घडला, ते किडे या पाहुण्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेले नाहीत.

सरड्याला घातलेल्या किड्याबरोबर, त्या किड्यानं आदल्या दिवसांत जे जे खाल्लं तेही सरड्याच्या पोटात जातं. सगळी ग्यानबाची मेख इथं आहे. बरणीतला टोळ रुई खाऊन आला होता.

रुईचं पान मोडलं की पांढरा चीक टपटप गळतो. शनिवारी मारुतीला हिच्याच पानांची माळ घालतात. शेळीसुद्धा सहसा हिला तोंड लावत नाही, म्हणून तर उन्हाळ्यात बांधावरचं सगळं करपलं तरी रुई हिरवीगार उभी असते. त्या चिकात कार्डिनोलाइड नावाची द्रव्यं असतात. ती थेट हृदयावर चालतात. हा रंगीत टोळ मात्र रुईचीच पानं खातो, त्यातलं विष पचवून फेकून देत नाही, अंगात साठवतो. त्याची अर्धवट वाढलेली पिल्लं चिमटीत धरली तर अंगातून द्रवाची पिचकारी उडवतात, ती चांगली चार बोटं लांब जाते. तो भडक रंग सरळ धमकी आहे: मला खाऊ नकोस. आपल्याकडची पाखरं ही धमकी ओळखतात. काचेच्या पेटीत जन्मलेल्या ड्रॅगनला ती कुणी शिकवलेली नाही. हललं की झडप घालायची, एवढंच तो जाणतो.

आता हे विष नेमकं करतं काय? जीवशास्त्रात मला सर्वांत आवडणारं यंत्र इथंच भेटतं, म्हणून जरा रेंगाळतो.

तुमच्या-माझ्या, सरड्याच्या, टोळाच्या, जवळपास प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात एक पंप बसवलेला असतो, सोडियम-पोटॅशियम पंप. तो पेशीतले तीन सोडियम आयन (विद्युतभारित कण) बाहेर फेकतो, बाहेरचे दोन पोटॅशियम आयन आत घेतो आणि अशा प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. तीन बाहेर, दोन आत, रात्रंदिवस. आपण गाढ झोपलेलो असतानाही शरीराच्या एकूण खर्चातला मोठा वाटा, पाचवा हिस्सा धरायला हरकत नाही, हे पंप चालवण्यात जातो. केळीच्या बागेला पाणी देणारी मोटर बंद पडली की काय होतं ते खानदेशात सांगायला नको. पेशीचंही तसंच. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ साली खेकड्याच्या नसांवर काम करताना या पंपाचा छडा लावला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तब्बल चाळीस वर्षांनी.

पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी एक खाच असते. कार्डिनोलाइडचा रेणू त्या खाचेत चपखल बसतो. बसतो तोही पंप अर्ध्या फेरीत असताना, म्हणजे एटीपीकडून आलेला फॉस्फेटचा गट पंपाला चिकटलेला असतो त्या क्षणी. पंप तसाच अडकतो. आत सोडियम साचू लागतं. हृदयाच्या स्नायूपेशीत आणखी एक दार असतं, ते बाहेरचं सोडियम आत घेऊन त्या बदल्यात आतलं कॅल्शियम बाहेर टाकतं. आत आधीच सोडियम तुंबलं तर हा सौदा होत नाही, कॅल्शियम आतच राहतं. कॅल्शियम म्हणजे स्नायूला आकुंचनाचा हुकूम. थोडं वाढलं तर ठोका जोरकस पडतो. म्हणूनच १७८५ साली इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिस ही वनस्पती औषध म्हणून वापरल्याचं लिहून ठेवलं, आणि याच कुळातलं डिगॉक्सिन आजही हृदयरोगाचे डॉक्टर अगदी मोजूनमापून देतात. थोडं जास्त झालं तर ताल बिघडतो आणि हृदय थांबतं. औषध आणि विष यांतलं अंतर इतकं कमी असलेली द्रव्यं थोडीच आहेत. मग माणसाचा डोस मिलिग्रॅमच्याही भागांत मोजावा लागतो, तर अर्धा किलोसुद्धा न भरणाऱ्या सरड्यासाठी एक टोळ किती मोठा घास आहे, याचा अंदाज करा.

मग टोळ स्वतः कसा मरत नाही? रुईच्या कुळातल्या वनस्पतींवर जगणाऱ्या मोनार्क फुलपाखराच्या बाबतीत याचं फार सुंदर उत्तर मिळालं आहे. त्याच्या पंपात खाचेच्या जागचे मोजके अमिनो आम्ल (प्रथिनाच्या माळेतले मणी) बदललेले आहेत, त्यांतला महत्त्वाचा १२२ व्या जागेवरचा, ॲस्पॅराजिनच्या ऐवजी हिस्टिडिन. एवढ्यानं विषाचा रेणू तिथं घट्ट बसतच नाही. २०१९ साली संशोधकांनी क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राच्या मदतीनं साध्या फळमाशीच्या जनुकात असे तीन बदल केले आणि ती माशी हे विष खाऊन जगू लागली. कोट्यवधी वर्षांची तडजोड, तीन जागी! वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नव्हती.

हेच कुलूप फोडायला निसर्गानं आणखीही किल्ल्या घडवल्या आहेत. भेक म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, त्याच्या कातडीतलं विष त्याच खाचेत बसतं. काजव्यांच्या काही जातींत तसलंच द्रव्य असतं, त्याचं नाव ल्युसिबुफॅजिन, म्हणजे उजेड आणि भेक या दोन शब्दांची गाठ. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात पाळीव बेअर्डेड ड्रॅगन काजवा खाऊन मेल्याच्या घटना नोंदवल्या आहेत. सरडा तोंड वासतो, डोकं झटकतो, त्याचा रंग काळपट पडत जातो आणि दोनेक तासांत सगळं संपतं. त्याला एक काजवा पुरतो. ते काजवे अमेरिकेतले होते. पण आपल्या सातपुड्यात, तोरणमाळच्या वाटेवर, मृगाच्या आधी झाडं लखलखतात तेव्हा पोरं काजवे बाटलीत भरतात. त्यातला एकही या सरड्याच्या पेटीत जाऊ नये.

आता घोरपडीची गोष्ट. आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडी भेक खातात आणि जगतात, कारण त्यांच्या पंपात तसे बदल आहेत. त्यांचे ऑस्ट्रेलियातले भाऊबंद मात्र भेक नसलेल्या भूमीत राहिले आणि त्यांचा तो बचाव गेला. २०१३ च्या एका अभ्यासानुसार हा सगळा फरक जनुकातल्या अवघ्या चार अक्षरांचा आहे. १९३५ साली उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला ऑस्ट्रेलियात परदेशी भेक आणून सोडले आणि ते गिळून तिथल्या घोरपडी पटापट मेल्या. त्याच खंडातला सरडा आपण जळगावात आणून रुईशेजारी ठेवतो आहोत.

घोरपडीचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. बाजारात, जत्रेत "हत्थाजोडी" नावाची दुर्मीळ मुळी विकतात. ती तिजोरीत ठेवली की पैसा येतो म्हणे. ती मुळी नसतेच. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं ते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, जगातल्या एका सुंदर जैवरासायनिक कोड्याचं उत्तर अंगात बाळगणारा हा प्राणी अशा भाकडकथेपायी मारला जातो. कुणी विकताना दिसला तर वनखात्याला कळवा.

रुई नको, तर कपाशीवरचे किडे चालतील का? नाही. इथं बरेच जण बीटीला घाबरतात. ती भीती चुकीच्या जागी आहे. बीटीचं प्रथिन बोंडअळीसारख्या किड्यांच्या आतड्यातल्या विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं, सरड्याच्या आतड्यात ते ग्राहक नसतात. धोका फवाऱ्याचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नसांमधला संदेश थांबवणारं विकर बंद पाडतात, आणि सरड्याच्या नसाही त्याच विकरावर चालतात. शेतात जो किडा सुस्त बसलेला सापडतो, हात लावला तरी उडत नाही, तो का उडत नाही याचा विचार करा. घरातल्या झुरळांनाही हेच लागू. मोरीतलं झुरळ कुणाच्या घरी झुरळं मारायचं जेल चाटून आलंय, तुम्हाला माहीत नसतं.

म्हणून किडे घरी वाढवलेलेच द्यावेत. मीलवर्म (पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळ्या) गव्हाच्या कोंड्यात सहज वाढतात, डुबिया झुरळं अंड्यांच्या ट्रेमध्ये. पण यात दुसरी खोट आहे. किड्याला हाड नसतं. त्याचं कवच कडक लागतं म्हणून त्यात कॅल्शियम असेल असं वाटतं, पण ते कायटिनचं असतं. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सातेक पट असतो, मीलवर्ममध्ये पंधरा पटींहून अधिक. सरड्याला हवं असतं याच्या उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या जवळजवळ दुप्पट. रक्तातलं कॅल्शियम घटलं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून काढते. मग बोटं थरथरतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो. शेजारच्या या मुलाच्या सरड्याचा जबडा मी चिमटीत धरून पाहिला तेव्हा तो किंचित दबला होता. ती खूण होती. मुलाला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं, प्राणी विकणाऱ्यानंही नाही.

यावर उपाय तोच, किड्याच्या पोटातून जाणारा. द्यायच्या आदल्या दिवशी किड्यांना शेवग्याचा पाला आणि गाजर खाऊ घाला. शेवग्यात कॅल्शियम भरपूर असतं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. हे कॅल्शियम किड्याच्या पोटातच असतं, अंगात मुरलेलं नसतं, म्हणून तो किडा उद्या-परवासाठी न राखता लगेच घालायचा. शिवाय किडे पिशवीत घेऊन त्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरायची नि लगेच द्यायचे. रातकिडे अंग साफ करतात, काही तासांत पूड झटकून मोकळे. काळ्या सैनिक माशीच्या अळीच्या कातडीत मात्र मुळातच कॅल्शियम कार्बोनेट असतं. कंपोस्टवाले ती वाढवतात, मिळाली तर फार उत्तम. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. पिल्लांना किडे जास्त, मोठ्यांना पाला जास्त.

आणि कॅल्शियम कितीही घातलं तरी ते आतड्यातून शोषायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे तयार होतं, खिडकीची काच ते किरण अडवते. काचेआड ऊन खाणारा सरडा ऊब घेतो, ड जीवनसत्त्व नाही. त्याला यूव्हीबीची नळी हवीच.

तापमानाचं खानदेशात उलट आहे. पुस्तकं सांगतात, पेटीच्या एका टोकाला ३८ ते ४२ अंश ठेवा. मे महिन्यात आपल्या गच्चीखालच्या खोलीचंच दुपारी तेवढं होतं, भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा बल्ब बंद करून थंड कोपरा कसा राहील हे पाहायचं. डिसेंबरच्या थंडीत मात्र संध्याकाळी पोटभर किडे घालू नका. ऊब नसेल तर सरड्याला अन्न पचवता येत नाही. सकाळी घाला, दिवसभर त्याला शेकता येईल.

आणि तरीही त्यानं रुईचा टोळ किंवा काजवा गिळलाच तर? दूध, तूप, हळदीचं पाणी काहीही पाजू नका. तोंडात अडकलेला दिसत असेल तर चिमट्यानं अलगद काढा. सरडा हवेशीर डब्यात ठेवून तडक पशुवैद्यकाकडे न्या, आणि उरलेला किडा, त्याचा पाय किंवा पंख का असेना, आगपेटीत घालून सोबत घ्या. कुठल्या झाडावरून आणला तेही सांगा. डॉक्टरांना सर्वांत आधी तेच कळायला हवं असतं.