ट्रिपेल की गोल्डन स्ट्राँग?

दोन्ही बेल्जियन पद्धतीच्या कडक बिअर. दोन्ही सोनेरी, दोन्हींवर पांढराशुभ्र दाट फेस, दोन्हींत अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या आसपास. पहिल्यांदा घरी करणारा बहुतेक वेळा ट्रिपेल करायला घेतो आणि हाती येते ती मधलीच काहीतरी बिअर.

बेल्जियममधल्या वेस्टमालेच्या मठातली ट्रिपेल १९३४ची, आजची कृती १९५६ची. गोल्डन स्ट्राँगचा नमुना म्हणजे डुव्हेल ही बिअर. तिचं हे नाव १९२३पासूनचं, पण ती १९७०पर्यंत गडद रंगाची होती. म्हणजे गोल्डन स्ट्राँग वयाने धाकटीच. डुव्हेल म्हणजे सैतान. म्हणून या प्रकारच्या अनेक बाटल्यांवर सैतानाशी नातं सांगणारी नावं दिसतात. ओळखायला सोपी खूण!

कच्चा माल जवळपास सारखाच. २० लिटर ट्रिपेलला पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट जव) ५.३ किलो आणि साधी पांढरी साखर १ किलो. गोल्डनला माल्ट ४.९ किलो, साखर सव्वा किलो. दोन्हींची सुरुवातीची घनता (पाण्याची १.०००) १.०८०च्या जवळ येते (माल्टमधली ७५ टक्के साखर पाण्यात उतरते असं धरून). साखर वाढली की बिअर गोड होते हा गैरसमज आहे. यीस्ट ती पूर्ण खातं, अंग हलकं होतं. माल्ट ट्रिपेलसाठी ६६ अंशांवर भिजवा, गोल्डनसाठी ६४वर, दीड तास. उकळी ९० मिनिटं, झाकण उघडं, नाहीतर पिल्सनर माल्टचा शिजलेल्या मक्यासारखा वास राहतो. साखर शेवटच्या दहा मिनिटांत. साझ किंवा स्टायरियन गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) दोघींनाही चालतात, कडवटपणा ३० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक).

खरा फरक यीस्ट पाडतं. वायईस्ट कंपनीचं ३७८७ क्रमांकाचं यीस्ट लवंग-मिऱ्याकडे झुकतं, ते ट्रिपेलचं. १३८८ नाशपातीसारखा फळांचा वास देतं आणि बिअर कोरडी करतं, ते गोल्डनचं. पण १३८८ शेवटी रेंगाळतं, घाई करणाऱ्याला ते नको. कुठलंही घ्या, २० लिटरला सुमारे २९० अब्ज पेशी लागतात. एका पाकिटात भागत नाही, आधी स्टार्टर करा, म्हणजे थोड्या माल्टच्या द्रावणात यीस्ट वाढवून घ्या.

यीस्ट १८ अंशांवर टाका, तीन दिवस तिथेच धरा, मग हळूहळू २३पर्यंत चढू द्या. सुरुवातच २८वर झाली तर थिनरसारखा वास आणि घशाला जाळ. तो मुरवूनही फारसा जात नाही. उलट मध्येच गारठा बसला तर यीस्ट तळाला बसतं आणि घनता १.०२०ला अडकते. अशा वेळी भांडं उबदार जागी हलवून यीस्ट हलकेच ढवळून वर आणा, हवा मिसळू देऊ नका.

ट्रिपेल १.०१०ला थांबली तर झकास. गोल्डन १.०१०ला थांबली तर ती अजून झालेली नाही, १.००७पर्यंत तरी उतरायला हवी. मोजायला हायड्रोमीटरच (द्रवात तरंगणारी घनतामापक नळी) वापरा. अल्कोहोल असताना रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून मोजणारं उपकरण) चढा आकडा दाखवतो. तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा, लिटरला ९ ग्रॅम साखर घालून. घनतेचे चार अंक (०.००४) उतरायचे बाकी असताना भरलीत तर बिअरच्या आकारमानाच्या आणखी दुप्पट वायू तयार होतो आणि साधी बिअरची बाटली फुटते. जाड काचेच्या, शँपेनच्या बाटल्याच घ्या.