ऑलिव्ह कधी फुलतं आणि कुणाच्या परागाने फळतं

ऑलिव्हची कोय पेरली की तिच्यातून रानटी झाड निघतं, असं ग्रीक वनस्पतिअभ्यासक थिओफ्रास्टसने २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. फळं बारीक, गर कमी, तेल थोडं. भूमध्य समुद्राभोवतीच्या शेतकऱ्यांनी म्हणूनच ऑलिव्ह कधी बियांवर सोपवलं नाही. बुंध्याशी फुटणारे धुमारे, जाड फांदीचे तुकडे, रानटी खुंटावर बांधलेलं कलम, याच वाटांनी बागा वाढत गेल्या. आज स्पेनमध्ये ‘पिकुआल’ या वाणाची जी कोट्यवधी झाडं उभी आहेत, ती आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती आहेत.

या लागवडीच्या पद्धतीने वाण टिकले, पण ऑलिव्हच्या फुलण्या-फळण्यामागची जनुकं फार काळ झाकलेलीच राहिली. आनुवंशिकीचा अभ्यास पिढ्यांवर चालतो. वाटाण्याची पिढी एका हंगामात हाती येते. बियांपासून वाढवलेलं ऑलिव्ह मात्र पहिलं फूल दाखवायला १० ते १५ वर्षं घेऊ शकतं. एका संशोधकाच्या सबंध कारकिर्दीत दोन पिढ्या पाहून झाल्या तरी पुष्कळ. त्यामुळे या झाडाबद्दलचे अगदी मूलभूत प्रश्न शेतकऱ्यांनी विचारल्यानंतर जवळपास दोन हजार वर्षांनी सुटू लागले, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत.

पहिला प्रश्न वर्षाआड बहराचा. एका वर्षी झाड फळांनी लगडतं, पुढच्या वर्षी जेमतेम फळतं. रोमन लेखक कोलुमेला इसवी सनाच्या पहिल्या शतकात याची नोंद करतो. त्याच्या आधीच्या शतकातल्या वारोला कारणही सापडल्यासारखं वाटलं होतं: काठीने झोडपून फळं पाडली की कोवळ्या डहाळ्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचं पीक त्यांच्याबरोबर जातं. हे निरीक्षण अर्धं खरं आहे. ऑलिव्हचा फुलोरा आदल्या वर्षी वाढलेल्या डहाळीवर, पानांच्या बेचक्यांतल्या डोळ्यांतून येतो. डहाळी मोडली तर फुलोराही गेलाच. पण हाताने अलगद तोडणी केली तरी झाड वर्षाआडच फळतं, म्हणजे खरं कारण आणखी आत कुठेतरी होतं.

ते कोयीत निघालं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कॅलिफोर्नियात आणि नंतर स्पेनमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं की, उन्हाळ्यात कोय कडक होण्याआधी फळं काढून टाकली तर पुढच्या वसंतात झाड भरभरून फुलतं. तीच फळं कोय कडक झाल्यावर काढली तर उपयोग होत नाही. मग फळ झाडावरच ठेवून फक्त आतलं बी मारून पाहिलं, तेव्हाही फुलं परत आली. फळाने झाडाची ताकद खाल्ली म्हणून ते फुलत नाही, एवढ्या स्पष्टीकरणावर त्यामुळे भागेना. वाढणारं बीच शेजारच्या डोळ्यांना फुलण्यापासून रोखत होतं. बियांमध्ये तयार होणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकांवर संशय गेला आणि तो अजून टिकून आहे.

दुसरा धागा थंडीचा. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हडसन हार्टमन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं की हिवाळाभर उबेत ठेवलेलं ऑलिव्ह पालवतं, वाढतं, पण फुलत नाही. यातून मोठा वाद उभा राहिला. एका बाजूचं म्हणणं, डोळ्याने फूल व्हायचं की पालवी हे हिवाळ्यातली थंडी ठरवते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तो निर्णय आदल्या उन्हाळ्यातच होतो, थंडी फक्त झोपलेल्या डोळ्याला जागं करते. बी मारण्याचे प्रयोग दुसऱ्या बाजूला बळ देत होते, उबदार हिवाळ्याचे प्रयोग पहिल्या. डोळ्याला बाहेरून न्याहाळून हा वाद मिटणार नव्हता.

मदत वेगळ्याच वनस्पतीकडून आली. फुलण्याचा निरोप पानांत तयार होऊन शेंड्याकडे जातो, अशी कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडली होती आणि त्या निरोपाला ‘फ्लोरिजेन’ नाव दिलं होतं. तो निरोप कशाचा बनलेला आहे हे कित्येक दशकं कळेना. १९९९ मध्ये अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात एफटी हे जनुक ओळखलं गेलं, आणि २००७ पर्यंत स्पष्ट झालं की त्याचं प्रथिन खरोखरच पानातून शेंड्यापर्यंत प्रवास करतं. मग ऑलिव्हमध्ये त्याची भावंडं शोधणं आलंच.

इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ऑलिव्हच्या अशा दोन जनुकांचा हिशेब मांडला. हिवाळ्यात पानांमध्ये त्यांचं काम वाढतं. कृत्रिम उबदार हिवाळा दिलेल्या झाडांत ते वाढत नाही आणि ती झाडं फुलत नाहीत. एफटीचं प्रमाण मुद्दाम वाढवलेल्या ऑलिव्हमध्ये तर बाल्यावस्था आणि फुलण्याचा हंगाम, दोन्ही बदलले. इथवर थंडीच्या बाजूचा विजय वाटतो. पण मागच्या हंगामात फळांनी वाकलेली झाडं थंडी मिळूनही फारशी फुलली नाहीत, आणि फळं नसलेल्या झाडांना भर उन्हाळ्यात थंडी दिली तरी फुलोरा तुटपुंजाच आला. मला यात दोन्ही जुन्या पक्षांचं थोडं थोडं खरं ठरलेलं दिसतं. थंडी हवीच, पण झाडाच्या आतली अवस्था ती थंडी ऐकून घेण्याजोगी असावी लागते. हिवाळे उबदार होत असताना या जनुकांचा अभ्यास बागायतदाराच्या थेट पोटापाण्याचा होऊन बसतो.

फुलोरा आल्यावरही फळ धरेलच असं नाही. एकाच घोसात काही फुलं पूर्ण असतात, तर काहींचं स्त्रीकेसर खुरटून ती फक्त नर फुलं उरतात. किती खुरटतील हे वाणावर आणि त्या वर्षीच्या पोषणावर ठरतं. अखेर फळ धरतं ते शेकड्याने जेमतेम एक ते पाच फुलांना. परागीभवन वाऱ्याने होतं, आणि परागाच्या या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं वाटतं.

बहुतेक वाण स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत, हे बागायतदारांना अनुभवाने ठाऊक होतं. एकाच वाणाची सलग बाग म्हणजे एकाच झाडाच्या हजारो प्रती, त्यामुळे त्या एकमेकींनाही निरुपयोगी. पण कोणता वाण कोणाला चालतो याच्या याद्या एकमेकींशी जुळत नसत. एका देशात स्वतःवर फळणारा ठरलेला वाण दुसरीकडे वांझ ठरे. फुलांवर पिशव्या बांधून प्रयोग होत, पण हवेत तरंगणारा परका पराग कुठून शिरला हे कळत नसे. एकविसाव्या शतकात बियांच्या डीएनएवरून पितृत्व तपासता येऊ लागलं, तेव्हा स्वतःवर फळतो असा लौकिक असलेल्या ‘आर्बेकिना’च्या बियांचाही बाप बहुधा दुसराच वाण निघाला. तरी सगळ्या याद्यांचा मेळ घालायला काही संशोधकांनी एका जनुकस्थानाच्या सहा रूपांचं गुंतागुंतीचं गणित मांडलं.

उलगडा ऑलिव्हच्याच कुळातल्या फिलिरिया नावाच्या झुडपाने केला. त्याच्यात नर झुडपं आणि उभयलिंगी झुडपं शेजारी नांदतात, आणि नरांची संख्या कोड्यात टाकण्याइतकी जास्त असते. फ्रान्समधल्या पिएर सोमितू-लाप्राद यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की उभयलिंगी झुडपांचे दोनच गट आहेत. प्रत्येक गट फक्त समोरच्या गटाचा पराग घेतो, नराचा पराग मात्र दोघांनाही चालतो. त्याच संशोधकांनी २०१७ मध्ये हाच नियम ऑलिव्हवर तपासला. पराग कुक्षीवर ठेवून त्याची नळी फुटते का एवढंच पाहायचं होतं. सगळे वाण दोन गटांत बसले.

याचं आश्चर्य वाटायला हवं. कोबीच्या कुळात अशा ओळखीची डझनावारी रूपं आहेत, कारण दुर्मीळ रूपाला सगळीकडे जोडीदार मिळतात आणि नवी रूपं टिकतात. ऑलिव्हच्या कुळाने दोनांवरच भागवलं आणि इतका प्रदीर्घ काळ भागवलं, की फिलिरिया आणि फ्लॉवरिंग अ‍ॅश या वेगळ्या प्रजातींची झाडंही एकमेकांच्या परागाचा गट ओळखतात.

तोवर जीनोमची, म्हणजे झाडाच्या संपूर्ण डीएनएच्या वाचनाची, मदत आली होती. २०१६ मध्ये स्पेनमधल्या हजारभर वर्षं वयाच्या एका ‘फार्गा’ झाडाचा जीनोम वाचला गेला. त्यात ५६ हजारांच्या वर जनुकं मिळाली. पुढच्याच वर्षी रानटी ऑलिव्हचा जीनोम आला. त्या पायावर २०२४ मध्ये गटांचं मूळ सापडलं: सुमारे ७ लाख अक्षरांचा एक डीएनए तुकडा, जो एका गटातल्या झाडांकडे गुणसूत्रांच्या जोडीपैकी फक्त एकावर असतो आणि दुसऱ्या गटाकडे नसतोच. त्यातलं एक जनुक जिबरेलिनची मोडतोड करणाऱ्या विकराचं आहे, आणि पराग ओळखण्याच्या कामात त्याचाच मुख्य हात असावा असा अंदाज आहे. बियांच्या संदर्भात ज्या संप्रेरकाकडे बोट दाखवलं गेलं होतं, तेच इथे पुन्हा भेटतं. दोन्ही ठिकाणची यंत्रणा एकच आहे असा अर्थ यातून काढू नये, पण योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नवे वाण घडवणाऱ्यांना याचा उपयोग लगेच झाला. त्याआधीच, स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठाने १९९१ मध्ये सुरू केलेल्या संकर कार्यक्रमात रोपं हरितगृहात सतत उजेडात भराभर वाढवून त्यांची बाल्यावस्था तीन-चार वर्षांवर आणली गेली. ‘पिकुआल’ आणि ‘आर्बेकिना’ यांच्या संकरातून आलेला ‘चिकितिता’ हा ठेंगणा वाण त्यातूनच निघाला. आता गटाशी जोडलेली डीएनए खूण हाती असल्याने रोपाचं एक पान तपासून, त्याला पहिलं फूल येण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या शेजारी कोणत्या गटाचा वाण लावायचा हे सांगता येतं.