अतिसंवाहक प्रारण अभिज्ञातक (अन्नतपासणीतील)

अन्नातील किरणोत्सर्गी समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) त्यांच्या प्रारणाच्या ऊर्जेवरून ओळखण्याचे अतिशीत उपकरण. काही धातूंचा विद्युत् रोध ठरावीक नीच तापमानाला एकाएकी नाहीसा होतो; हीच अतिसंवाहकता. त्या संक्रमणाच्या काठावर, बहुधा ०·१ केल्व्हिनच्या (सुमारे उणे २७३° से.) आसपास, राखलेल्या पातळ पटलापर्यंत एका गॅमा फोटॉनाची (गॅमा किरणांच्या एका ऊर्जाकणाची) किंवा आल्फा कणाची उष्णता पोहोचली, तरी रोध झपाट्याने वाढतो आणि त्या वाढीवरून त्याची ऊर्जा काढता येते.

या तंत्राचा आरंभ केव्हाचा, हे ‘प्रारण’ शब्दाची व्याप्ती किती मानावी यावर अवलंबून आहे. डोनाल्ड अँड्र्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ च्या सुमारास टँटलमच्या बारीक तारेने अवरक्त प्रारण मोजले. अँड्र्यूज यांनीच १९४९ मध्ये नायोबियम नायट्राइडच्या पट्टीवर आल्फा कणांचे स्पंद नोंदवले. अन्नतपासणीचा संबंध अणुकेंद्रीय प्रारणाशी असल्याने १९४९ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. मात्र पटल संक्रमणाच्या काठावर स्थिर राखण्याची अडचण केंट अर्विन यांच्या १९९५ मधील विद्युत्-औष्णिक प्रतिभरण पद्धतीनंतरच (पटल तापले की त्याला मिळणारी विद्युत् उष्णता आपोआप घटते) बरीचशी सुटली.

सीझियम-१३४ ची ६०४·७ आणि निसर्गतः आढळणाऱ्या बिस्मथ-२१४ ची ६०९·३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची (ऊर्जेचे एकक) गॅमा रेषा सोडियम आयोडाइडच्या नेहमीच्या गॅमा-मापक उपकरणात एकमेकींत मिसळतात, पण जर्मेनियमच्या उपकरणात सुट्या दिसतात. तेव्हा सीझियमसाठी अतिसंवाहकाची गरज नाही. त्याचे खरे मोल प्लुटोनियमसारख्या मूलद्रव्यांच्या बाबतीत आहे. प्लुटोनियम-२३९ व २४० यांच्या मुख्य आल्फा ऊर्जांत अवघा १२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास फरक असून, अन्नाच्या राखेतून रासायनिक रीतीने प्लुटोनियम वेगळे काढल्यावर हे उपकरण तो स्पष्ट दाखवू शकते. पटल लहान असल्याने मोजणीला वेळ लागतो.

इंदूरमध्ये राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने फळ-भाजीपाला मंडईच्या परिसरात शेतमालावर प्रारण-प्रक्रिया करण्यासाठी इलेक्ट्रॉन प्रवेगकाची सोय उभारली. अशा प्रक्रियेत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मर्यादेत ठेवतात, त्यामुळे कांदा-बटाटा किरणोत्सर्गी होत नाही आणि प्रक्रिया केलेला माल ओळखण्यासाठी या अभिज्ञातकाचा उपयोगही नाही. उलट, कोणतीही प्रक्रिया न केलेल्या माळव्यातील बटाट्यातही पोटॅशियम-४० असतेच: १ ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियमची सक्रियता सुमारे ३१ बेकरेल (१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणुविघटन), म्हणून किलोभर बटाट्याची शंभराहून अधिक भरते. जपानने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नातील किरणोत्सर्गी सीझियमसाठी ठरवलेली मर्यादाही किलोला १०० बेकरेलच आहे. त्यामुळे तपासणीच्या अहवालात एकूण बेकरेल देऊन भागत नाही. प्रत्येक समस्थानिकाचा आकडा स्वतंत्र दिला पाहिजे.